माळाला हिरवा रंग कशासाठी?

शिरूर आणि दौंड या तालुक्यांच्या वाट्याला निसर्गसौंदर्य आलेलेच नाही, अशी एक समजूत पुण्या-मुंबईच्या रसिकांत रूढ आहे. आणि खेदाची गोष्ट ही की, या तालुक्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मंडळींनीही ती मुकाट्याने मान्य केलेली दिसते. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर घाटातला धबधबा असतो. धर्मग्रामाच्या स्मरणिकेवर कोकणचा किनारा, नाहीतर कुठलेसे परदेशी सरोवर असते. आपल्याच शिवाराचे छायाचित्र कोठे लावायचे झाले, तर ते आधी 'सुधारून' घेतले जाते, आणि सुधारून झाल्यावर ते आपल्या शिवाराचे राहत नाही. आज घरोघरी, किंबहुना प्रत्येक खिशात, कॅमेरा आहे. तरुण मुलामुलींच्या हातून निसर्गचित्रांची नुसती रास पडते आहे. त्यांच्या हौसेला नावे ठेवावीत असा आमचा हेतू नाही. परंतु हौसेला दृष्टीची जोड मिळावी, म्हणून या चित्रांची थोडी परखड समीक्षा करण्याचे आम्ही योजिले आहे.

आमचे म्हणणे असे की, या मुलखाची छायाचित्रे फसतात ती साधनांच्या उणिवेमुळे नव्हे. त्यांची मांडणी सह्याद्रीकडून उसनी आणलेली असते आणि रंग कोकणाकडून.

भीमा नदीच्या उत्तरेस शिरूर आणि दक्षिणेस दौंड. लोणावळ्यास वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस कोसळतो. तेथून शंभर-सव्वाशे किलोमीटर पूर्वेस, या दोन तालुक्यांत, तो ५०० मिलिमीटरच्या आसपास येऊन थांबतो. हा पर्जन्यछायेचा प्रदेश. घाटमाथ्यावर उभे राहून चित्र काढणे त्या मानाने सोपे असते. पुढे एखादा ओला खडक, मध्ये दरी, मागे डोंगर. तो डोंगरच चौकट आपसूक बंद करतो. दौंडच्या माळावर चौकट बंद करणारे काहीच नाही. नजर थेट क्षितिजापर्यंत जाते आणि तेथेही अडत नाही. नवशिका छायाचित्रकार या मोकळेपणाने बावरतो, आधाराला एखादी बाभूळ शोधतो, ती बरोबर मधोमध उभी करतो आणि क्षितिजाची रेषा तिच्या कमरेतून आडवी नेतो. अर्धे आकाश, अर्धी जमीन, मध्ये झाड. अशी चित्रे आम्ही इतकी पाहिली आहेत की, एव्हाना बाभळीलाही उभे राहण्याचा कंटाळा आला असावा.

यावर पुस्तकी उपाय तयार आहे: चौकटीचे तीन समान भाग कल्पावेत आणि क्षितिज वरच्या किंवा खालच्या तृतीयांशावर ठेवावे. नियम वाईट नाही. परंतु वर की खाली, हे नियम सांगत नाही. ते ऋतूने सांगायचे असते. आषाढ-श्रावणात पश्चिमेकडून ढगांचे तांडे येतात, आपल्या सावल्या माळावरून ओढीत नेतात आणि बहुधा न बरसताच पुढे निघून जातात. भरलेले आभाळ आणि खाली कोरडी जमीन हे या प्रदेशाचे खरे नाट्य आहे. अशा वेळी क्षितिज तृतीयांशावरसुद्धा नको. ते अगदी तळाशी, पाचव्या-सहाव्या हिश्श्यावर न्यावे आणि सारी चौकट आभाळाच्या स्वाधीन करावी. उलट वैशाखातले आकाश पांढुरके, रिते असते. त्याला चित्रात जागा देणे म्हणजे अर्धा कागद कोरा सोडणे होय. तेव्हा क्षितिज वरच्या कडेला टेकवावे, नाहीतर चौकटीबाहेरच घालवावे. खाली नांगरटीची ढेकळे, ओढ्याच्या भेगा, शेळ्यांच्या खुरांनी पडलेल्या बारीक पायवाटा हेच चित्र होते. एकाच जागेची ही दोन चित्रे शेजारी शेजारी लावून पाहिली, म्हणजे मांडणी ही भूमितीची नव्हे तर पंचांगाची गोष्ट आहे, असे जे आम्ही म्हणतो त्याचा उलगडा होईल.

आणखी एक आयती रेषा या भागाला लाभलेली आहे, तिच्याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. खडकवासल्याहून निघालेला मुठा उजवा कालवा हवेली आणि दौंड ओलांडून इंदापुराकडे जातो. कालव्याच्या वरच्या अंगाला कोरडा माळ, खालच्या अंगाला ऊस. निसर्गाने नव्हे, माणसाने आखलेली ही सीमारेषा इतकी स्पष्ट आहे की, कॅमेऱ्याने ती नुसती तिरपी धरली तरी अर्धे काम होते. परंतु आमचे छायाचित्रकार कालवा ओलांडतात, उसात उतरतात आणि केवळ हिरवे तेवढे टिपून परततात. अलीकडचे पिवळे आणि पलीकडचे हिरवे एकाच चौकटीत यावे, यात जो अर्थ आहे तो कातरीत जातो.

आता प्रकाशाविषयी. दौंड सुमारे साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. म्हणजे मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली लपते. सावली नाही म्हणजे उंचसखलपणा नाही. आधीच सपाट असलेली जमीन चित्रात कागदासारखी चपटी होते. याच्या उलट डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारच्या बारालाही सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांवरच असतो. सकाळी नऊपर्यंत गवताची प्रत्येक काडी आपली सावली बाळगून असते. या मुलखाच्या चित्रणाचा हंगाम कार्तिकापासून माघापर्यंतचा. परंतु रविवारची मिस्सा, त्यानंतरचे जेवण आणि मग दुपारी तीनला कॅमेरा घेऊन फेरफटका, असा आपला परिपाठ. आणि दुपारी न मिळालेल्या सावल्या रात्री पडद्यावर बोटे फिरवून मिळवायच्या. हा उफराटा धंदा झाला. पहाटे दोन तास आधी उठणे हे कोणत्याही महागड्या भिंगाहून अधिक गुणकारी ठरते.

त्या पहाटेचे एक दृश्य दौंड तालुक्याचे खास स्वतःचे आहे. गुऱ्हाळे पेटलेली असतात. चुलवणात चिपाडे जळत असतात आणि थंडीमुळे वर चढू न शकणारा धूर उसाच्या शेंड्यांवरून आडवा पसरतो. त्या धुरातून झाडे एकामागे एक फिकट होत जातात. चित्रकार ज्या खोलीसाठी आयुष्य वेचतो, ती येथे धुराने फुकट दिलेली आहे. आणि आजच्या प्रत्येक मोबाइलमध्ये हा धुरकटपणा घालवण्याची एक पट्टी असते! ती सरकवली की दूरचे झाड जवळच्या झाडाइतकेच काळे आणि रेखीव होते, खोली नाहीशी होते, गुऱ्हाळ चालू आहे याची खूणही उरत नाही. ही पट्टी तयार करणाऱ्याने बहुधा गुऱ्हाळ पाहिलेले नसावे. आपण तर पाहिले आहे.

शिरूरकडे वळलो की टाकळी हाजी आणि निघोज यांच्या दरम्यान कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे लागतात. नदीचा एक काठ पुणे जिल्ह्यात, दुसरा अहिल्यानगर जिल्ह्यात. काळ्या बेसाल्ट खडकातील खळग्यांत अडकलेले गोटे प्रवाहाबरोबर गरगर फिरतात, खडक घासतात, आणि हजारो वर्षांत त्यांचे रांजण होतात. या जागेची चित्रे उदंड आहेत. चांगली फार थोडी. कारण साधे आहे. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या रंगाचे आहे, असे गृहीत धरून चालतो. समोर सगळा काळा खडक आला की त्याला वाटते प्रकाश कमी आहे. तो प्रकाश वाढवतो आणि काळाभोर खडक राखेच्या रंगाचा होतो. मग तो राखाडीपणा झाकण्यासाठी पाण्याला निळा आणि खडकाला जांभळा मुलामा चढवला जातो. वास्तविक टिपतानाच प्रकाश एक पायरी कमी केला असता, तर खडक काळाच राहिला असता आणि खळग्याच्या घोटीव कडेवरची चकाकी आपोआप उठून दिसली असती. उजनीच्या फुगवट्यावर उतरलेल्या रोहित पक्ष्यांच्या पांढऱ्या थव्याबाबत नेमके उलट करावे लागते. तेथे प्रकाश थोडा वाढवावा, नाहीतर पांढरे मळकट होते. दौंडहून भिगवणला जाणाऱ्या छायाचित्रकारांनी एवढे ध्यानात ठेवले तरी पुढची निम्मी रंगरंगोटी वाचेल.

छायाचित्रावर नंतर संस्कार करू नयेत, असे मात्र आमचे मुळीच मत नाही. तसे म्हणणाऱ्यांनी अमेरिकन छायाचित्रकार अॅन्सेल अॅडम्स (१९०२–१९८४) याच्या एका चित्राची कथा ऐकावी. १ नोव्हेंबर १९४१ च्या संध्याकाळी, पाचला काही मिनिटे कमी असताना, न्यू मेक्सिको राज्यातील हर्नांडेझ या खेड्याजवळून मोटारीने जाताना त्याला एक दृश्य दिसले. पूर्वेला चंद्र उगवलेला, दूर हिमाच्छादित डोंगर, पुढे मातीच्या भिंतींचे लहानसे चर्च आणि त्याच्या दफनभूमीतील पांढरे क्रूस. मावळत्या सूर्याचा शेवटचा किरण त्या क्रूसांवर पडला होता. धावपळीत प्रकाशमापक सापडेना. चंद्राची तेजस्विता किती असते हे त्याला पाठ होते; तेवढ्या एका आकड्यावर हिशेब करून त्याने एकच निगेटिव्ह घेतली. दुसरी घेण्याआधी क्रूसांवरचा प्रकाश गेला. नेमकी तारीख पुढे त्याला स्वतःलाही आठवेना; चंद्राच्या स्थानावरून गणित मांडून ती इतरांनी निश्चित केली. ती सर्व संतांच्या सणाची निघाली. दुसऱ्या दिवशी आपण आपल्या मृतांच्या कबरींवर मेणबत्त्या लावतो, हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

परंतु आमच्या विषयाशी संबंध आहे तो पुढच्या भागाचा. ती निगेटिव्ह अवघड होती. पुढचा भाग फिका उतरला होता. १९४८ मध्ये अॅडम्सने निगेटिव्हच्या खालच्या भागावर रासायनिक प्रक्रिया करून तो ठळक केला. पहिल्या छापांत आकाश करडे आणि ढगाळ आहे. नंतरच्या दशकांतल्या छापांत ते जवळजवळ काळे झाले आणि क्रूस अधिकाधिक उजळत गेले. अॅडम्स मूळचा पियानोवादक. निगेटिव्ह म्हणजे स्वरलिपी आणि छाप म्हणजे तिचे सादरीकरण, असे तो मानी. एकच बंदिश गवई दर मैफलीत निराळी मांडतो, हे आपल्याला नवे नाही.

मग येथे कोणी विचारील की, आकाश काळे करणारा अॅडम्स कलावंत, आणि माळ हिरवा करणारा आमचा मुलगा गुन्हेगार, हा कुठला न्याय? प्रश्न रास्त आहे. त्या संध्याकाळी हर्नांडेझचे आकाश काही काळे नव्हते. तेव्हा 'डोळ्यांना दिसले तसेच' ही कसोटी अॅडम्सलाही लागू पडणार नाही. आमची कसोटी वेगळी आहे. अॅडम्सचे कोणतेही छाप घ्या: महिना तोच राहतो, वेळ तीच राहते, प्रकाश ज्या दिशेने आला तीही तीच राहते. म्हणूनच तर चंद्रावरून तारीख काढता आली. संस्काराने उजेड-अंधाराचे प्रमाण बदलावे. ऋतू, प्रहर आणि दिशा बदलू नये. काळ्या खडकाचा काळेपणा परत आणणे, सावलीत बुडालेला चेहरा थोडा वर काढणे, मावळतीचा तांबूसपणा यंत्राने 'दुरुस्त' करून निळसर केला असेल तर तो पूर्ववत करणे, हे सारे या मर्यादेत बसते. कार्तिकातले वाळलेले पवन्या गवत पिवळ्याची छटा हिरव्याकडे सरकवून श्रावणातले करणे बसत नाही. त्यात महिना बदलतो.

आकाश बदलण्याची सोय तर आता सर्रास झाली आहे. २०२० पासून छायाचित्रे संस्कारित करण्याच्या नामांकित प्रणालीतही ती एका बटणावर आली. २०२३ पासून नसलेले झाड, नसलेले पाणी शब्दांत मागितले की यंत्र काढून देते. या आकाशांची चोरी पकडणे मोठे अवघड नाही. सूर्य डावीकडे मावळत असतो आणि बाभळीची सावलीही डावीकडेच पडलेली असते. ढग लालभडक असतात आणि खालचे पाणी दुपारचे. स्पर्धांच्या परीक्षकांनी आधी सावल्या पाहाव्यात, मग आकाश पाहावे.

एवढ्या साध्या हौसेवर एवढी टीका कशासाठी, असे काहींना वाटेल. त्याचे उत्तर आम्हांला चित्राबाहेर जाऊन द्यावे लागते. ज्या माळाला आपण चित्रात हिरवा रंग देतो, तो सरकारी नकाशांत पुष्कळदा 'पडीक' म्हणून नोंदला जातो. पडीक म्हणजे काही नसलेली, म्हणून काहीही करण्यास मोकळी. वास्तविक दौंडच्या दक्षिणेला, बारामती तालुक्यातील सुप्याजवळ, १९९७ पासून मयूरेश्वर अभयारण्य आहे. जेमतेम पाच चौरस किलोमीटरांचे. आणि ते अभयारण्य झाले ते घनदाट जंगलासाठी नव्हे, या गवताळ माळासाठी आणि त्यावर जगणाऱ्या चिंकारांसाठी. लांडगा, खोकड, धाविक, चंडोल ही सारी माळाची प्रजा. चिंकारा पिवळ्या गवतात दिसेनासा होतो, कारण त्याचा रंग त्या गवताचाच आहे. हिरव्या केलेल्या चित्रात तो चुकून आलेल्या पाहुण्यासारखा उभा दिसतो. उलट घरजागा विकणाऱ्यांची माहितीपत्रके पाहावीत. त्यांत याच शिवाराचे चित्र असते, मात्र हिरवळ घातलेले, मागे कुठलासा डोंगर चिकटवलेले. कोरडे ते कुरूप, हिरवे तेवढे सुंदर, हा पाठ आम्ही आमच्याच हातच्या चित्रांतून घोटत आलो, तर ते माहितीपत्रक खोटे वाटण्याची आमची शक्ती तरी कशी राहणार?

आणि हिरवे तरी किती निर्मळ असते? उसाच्या फडाचे संध्याकाळचे सोनेरी चित्र मनोहर दिसते. पण त्याच फडाच्या बांधावर मराठवाड्यातून आलेल्या ऊसतोड मजुरांच्या कोप्या असतात. चित्र 'स्वच्छ' करताना पहिल्यांदा त्याच पुसल्या जातात. शिरूरच्या ऊसपट्ट्यात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली आहेत, लेकरे दगावली आहेत. तेथल्या आईला तिन्हीसांजेचा उंच ऊस कसा दिसतो, याचा विचार सोनेरी रंगाची पट्टी सरकवण्यापूर्वी व्हावा. छायाचित्रात भीती दाखवता येते. फडाची कड चौकटीच्या अगदी जवळ आणून, आतला अंधार अंधारच ठेवला की ती दिसते. मोबाइल आपण होऊन तो अंधार उजळतो; कित्येक प्रतिमा क्षणार्धात टिपून त्यांची सरासरी काढतो. ती सोय तेवढ्यापुरती बंद करता आली तर करावी, न आल्यास प्रकाश हाताने कमी करावा.

आकाशातून घेतलेल्या चित्रांविषयी येथे जाता जाता लिहिणे भाग आहे. उद्धव ठाकरे यांच्या 'पहावा विठ्ठल' (२०११) या संग्रहाने वारी वरून कशी दिसते हे मराठी घरांना दाखवले. तुकाराम महाराजांची पालखी यवत, वरवंड या मार्गाने दौंड तालुक्यातूनच जाते. सपाट प्रदेशाला उंचीवरून आकृती लाभते, हे अशा चित्रणातून चटकन पटते. आता ड्रोनमुळे ती उंची कोणालाही मिळू लागली आहे. परंतु वरून पाहताना क्षितिज जाते, आणि क्षितिज गेले की आमच्या मते या मुलखाचा अर्धा स्वभाव जातो. पाखराच्या डोळ्यांनी एकदा पाहावे, वरचेवर नको.

त्यापेक्षा कोल्हापूरच्या आबालाल रहिमान (मृत्यू १९३१) यांचा मार्ग आम्हांला अधिक जवळचा वाटतो. कोटितीर्थाच्या एका तळ्याची त्यांनी किती चित्रे काढली! जागा तीच, प्रहर निराळे. आपल्याकडे एका रविवारी निघोज, दुसऱ्या रविवारी भिगवण, तिसऱ्या रविवारी मोराची चिंचोली, अशी यात्रा चालते; एकाही ठिकाणी दुसऱ्यांदा कोणी जात नाही. भीमेचा घराजवळचा एखादा उतार निवडून वर्षाच्या बारा महिन्यांत बारा वेळा, एकाच दगडावर उभे राहून, चित्र घेणारा कोणी निघाला, तर ती बारा चित्रे आम्ही आनंदाने पाहू.

सणाच्या निमित्ताने अनेक ठिकाणी छायाचित्रांच्या स्पर्धा भरतात. त्यांच्या संयोजकांस दोन सूचना कराव्याशा वाटतात. संस्कारित चित्रासोबत कॅमेऱ्यातून निघालेली मूळ प्रतही मागवावी आणि दोन्ही शेजारी शेजारी टांगाव्यात. लहान मुलांनाही फरक कळतो आणि त्यावर बोलायला आवडते. आणि चित्राखाली 'निसर्गाची किमया', 'सोनेरी सांज' असली नावे न देता गाव, महिना आणि वेळ एवढेच लिहावे: वरवंड, पौष, सकाळी साडेसात.